गौरी गेल्यानंतरचा ऑर्केस्ट्रा

गौरी गेल्या की चाळीतल्या बायका मोकळ्या व्हायच्या, आणि मग ऑर्केस्ट्राची रात्र यायची. दहा दिवसांत कार्यक्रम तसे बरेच असत. जादूचे प्रयोग, वेषभूषा, वरच्या मजल्यावरच्या पोरांनी बसवलेली एकांकिका, जिच्यात पोलीस झालेला हमखास हसायचा. पण वर्गणी मागायला गेलं की दारातच प्रश्न येई, "यंदा ऑर्केस्ट्रा आहे ना?" आहे म्हटलं की दोनाचे पाच होत.

आमची चाळ गिरगावातली, तीन मजली, मध्ये चौक. चौकात स्टेज आणि सतरंज्या, आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या म्हणजे आमची बाल्कनी. दुपारपासून कठड्यावर टॉवेल टाकून जागा धरलेल्या असत. गाण्याचं वेड इतकं, की उत्सवातल्या बुधवारी आरती साडेसातलाच उरके. आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची. अमीन सायानींसाठी गणपती अर्धा तास आधी ओवाळून घेईल, अशी कमिटीची खात्री होती.

ऑर्केस्ट्राची पार्टी आसपासचीच असायची. पहिलं गाणं ठरलेलं, 'ज्योत से ज्योत जगाते चलो'. मग रफीवाला, किशोरवाला, आणि लता-आशा दोघींची गाणी एकटीने ओढणारी एक बाई. एखाद्या वर्षी लताच्या आवाजात गाणारा पुरुष आला तर त्याला दोन वन्स मोअर जास्त. मुकेश मात्र चाळीतलाच असे. मुकेश सोपा, असा गिरगावात एक गैरसमज होता. त्यामुळे दर दोन खोल्यांमागे एक मुकेश निघायचा. त्यातले आमचे खरे मुकेश म्हणजे तळमजल्यावरचे, बँकेत कॅशियर. नोटा मोजतानासुद्धा नाकातून गुणगुणायचे.

मग 'दम मारो दम' आलं आणि पंचाईत झाली. गणपतीसमोर हे वाजवायचं का? ज्येष्ठ मंडळी नाही म्हणाली, पोरं अडून बसली. शेवटी तोडगा निघाला तो असा की त्या गाण्यापुरता मखराचा पडदा ओढायचा. 'रूप तेरा मस्ताना'लाही तोच नियम. पडदा सरकायला लागला की पब्लिकला कळायचं पुढे काय येतंय, आणि शिट्ट्या तिथूनच सुरू. पडदा ओढायचं काम माझ्याकडे होतं. एवढी टाळी मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. ते सकाळी व्हायोलिनची काळी पेटी घेऊन ताडदेवला जायचे, फिल्म सेंटर या रेकॉर्डिंग स्टुडिओत. रेकॉर्डिंग तिकडे असेल तर बांद्र्याला मेहबूबमध्ये. व्हायोलिन शिकले होते धोबीतलावच्या एका गोवेकर सरांकडे, त्यामुळे नोटेशन वाचता यायचं आणि त्यावरच त्यांचा संसार चालायचा. चाळीला त्यांची नोकरी नीटशी कळलेली नव्हती. कुठल्या गाण्यात वाजवलंत विचारलं की म्हणत, "सगळ्यांतच थोडं थोडं." रेकॉर्डवर सिनेमाचं नाव असे, गायकाचं, संगीतकाराचं. वाजवणाऱ्यांचं नसे. मग काका खरंच वाजवतात की पेटीतून डबा नेतात, यावर आम्हा पोरांत पैजा लागायच्या.

ऑर्केस्ट्राच्या रात्री ते कधी स्टेजवर गेले नाहीत. मागे, नळाजवळ खुर्ची टाकून बसत. गाणं सुरू झालं की गप्प. अंतरा संपून मधला पीस, म्हणजे नुसत्या वाद्यांचा तुकडा, आला की मात्र ओठ हलायला लागत. आम्ही पोरं तिथेच घुटमळायचो, कारण काका अधूनमधून काहीतरी सोडून द्यायचे. 'रूप तेरा मस्ताना'मधलं ॲकॉर्डियन केर्सी लॉर्डचं, पारशी माणूस, बाप कावस आणि भाऊ बुर्जोर, तिघंही याच धंद्यात. सॅक्सोफोन कुठे वाजला की, "मनोहारी." 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदरची. गायक भूपिंदर? तोच. 'दोस्ती'तला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मनने स्वतः वाजवलाय. 'मोसे छल किये जाए'चा तबला शिवकुमार शर्मांचा. संतूरवाले? हो, तेच. आणि 'नागिन'ची बीन ही बीन नव्हेच, ते क्लॅव्हिओलिन आहे, विजेवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य, कल्याणजींनी वाजवलेलं. हे ऐकून चाळीतल्या एका आजोबांना इतका राग आला की ते दोन दिवस काकांशी बोलले नाहीत. 'नागिन' त्यांनी अकरा वेळा पाहिला होता.

१९७४ साली मला बढती मिळाली. आदल्या वर्षाच्या शेवटी 'यादों की बारात' लागला होता, आणि 'चुरा लिया है तुमने जो दिल को' झालंच पाहिजे असा वरच्या मजल्यांचा दबाव होता. त्या गाण्यात सुरुवातीला काचेचा ग्लास वाजतो. पार्टीकडे ग्लास वाजवायला माणूस नव्हता. पडदा ओढणारा मोकळाच होता. कोपऱ्यावरच्या इराण्याकडून पाण्याचा ग्लास आणला, घरून चमचा. चार दिवस काकांनी गॅलरीत तालीम घेतली. त्यांनी ग्लासला हातच लावू दिला नाही! नुसतं मोजायला लावलं. बोटांच्या पेरांवर बार, म्हणजे तालाची घरं, मोजायचे, अंगठा पुढे सरकवत. "स्टुडिओत साठ जण बसतात. एकाने मोजण्यात चूक केली की सगळ्यांचा टेक फुकट, गाणाऱ्या बाईंचासुद्धा. पहिल्यापासून पुन्हा." तेव्हा गायक आणि वादक एकत्रच रेकॉर्ड होत. मागून जोडायची सोय नव्हती.

मी मोजलं बरोबर. पण जोर इतका लावला की दुसऱ्याच ठोक्याला ग्लास फुटला. पब्लिकला वाटलं गाण्यातच आहे. वन्स मोअर आला आणि ग्लास एकच होता.

१९७६ साली ऐन गणपतीच्या तोंडावर, २७ ऑगस्टला, मुकेश गेले. तिकडे डेट्रॉइटमध्ये, लताबाईंबरोबर दौऱ्यावर असताना. इकडे मखराला सोनेरी कागद लावणं चालू होतं. रेडिओवर बातमी आली तसं एकेकाने हातातलं काम खाली ठेवलं. ऑर्केस्ट्रा रद्द करायचा का, यावर रात्री कमिटी बसली. कोणीतरी म्हणालं, रद्द कशाला, सगळी त्यांचीच गाणी करू. त्या वर्षी गिरगावात ज्या गल्लीत जावं तिथे लाउडस्पीकरवर तेच चाललेलं होतं, एका मंडळाचं संपतं न संपतं तोवर पुढच्याचं.

कॅशियरसाहेब पांढरा शर्ट घालून उभे राहिले. 'आँसू भरी हैं ये जीवन की राहें' सुरू केलं. हे गाणं दत्तारामांचं. गोव्याकडचे दत्ताराम वाडकर, शंकर-जयकिशनचे साहाय्यक, ढोलकवाले म्हणतात तो 'दत्ताराम ठेका' यांचाच. पण ते लोकांना मान डोलवायला लावणाऱ्या गाण्यांत. या गाण्यात त्यांनी ठेका असा धरलाय की तो आहे हेही कळू नये. साहेबांचा आवाज अंतऱ्याला बसला. नाकातून गाणं आणि नाक चोंदणं यात फरक असतो, तो त्या रात्री कळला. पार्टीवाला त्यांना खाली घेऊन गेला.

मग जिन्यात पावलं वाजली. काका पेटी घेऊन खाली येत होते. पेटीत डबा नव्हता, एवढा तरी निकाल लागला. पार्टीतल्या व्हायोलिनवाल्याच्या शेजारी, पण अर्धं पाऊल मागे, उभे राहिले. साहेबांना खूण केली. 'जाने कहाँ गए वो दिन.'

व्हायोलिनवाला ओळखीची चाल वाजवत होता आणि काका भलतंच काहीतरी. खाली, जाड सुरात, लांबलांब. आम्ही पोरं एकमेकांकडे बघायला लागलो. काका चुकले! इतकी वर्षं रोज जाऊन यांना चालसुद्धा येत नाही? माझ्या मित्राने पैज जिंकल्याची खूणही केली. मग साहेब गायला लागले, आणि काकांचं ते भलतंच त्यांच्या बसक्या आवाजाखाली जाऊन असं टेकलं, की साहेब सावरले. शेवटपर्यंत गेले. गाणं रेडिओवर शंभरदा ऐकलं होतं, पण त्यात असं काही आहे हे कानाला कधी जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं तर म्हणाले, "सेकंड व्हायोलिन. मी दुसरं काही वाजवतच नाही." शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा मुख्य चालीला अशा आडव्या ओळी लिहून द्यायचे आणि हे ते वाचून वाजवायचे, म्हणून घरी एकटेच वाजवत बसले तर शेजाऱ्यांना वाटे, सूर लागत नाही.

पुढल्या वर्षी काका पुन्हा नळाजवळच्या खुर्चीत. 'अमर अकबर अँथनी'चं वर्ष ते. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'वर चौक नाचत होता आणि काका ओरडून सांगत होते, की अरे, खरा माणूस आहे हा, गोव्यात माजोर्ड्याचा, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरू! कोण ऐकतो. पोरांना वाटलं, काका आता काहीही सांगायला लागले.

मग कीबोर्ड आला आणि एकाच माणसाच्या बोटांत वीस व्हायोलिनं मावायला लागली. काकांची पेटी कपाटावर गेली.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि गणपती खालच्या हॉलमध्ये बसतो. ऑर्केस्ट्राऐवजी कॅराओके असतं, दहाच्या आत संपतं. म्युझिक लॅपटॉपमधून येतं आणि गाणारे पडद्यावरच्या अक्षरांकडे डोळे लावून उभे. मधला पीस लागला की त्यांना हातांचं काय करावं कळत नाही, मग ते पाणी पितात. गेल्या वर्षी एक गृहस्थ पाणी पीत राहिले आणि अंतरा निघून गेला. मी मागच्या रांगेत होतो. माझा अंगठा बरोबर बाराव्या पेरावर होता.