पाणी काठोकाठ, मग पक्षी कुठे गेले?

हिवाळ्यात सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर उभा असलो की कुणी ना कुणी थांबतंच. फिरायला आलेले शेजारी, कॉलेजची पोरं, कधी भाजीची पिशवी सांभाळत घरी निघालेल्या काकू. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "काहो, तलाव तर मस्त भरून आहे. मग पहिल्यासारखी बदकं काहून नाही दिसत?" उभ्या उभ्या बोलताना निम्मं सांगायचं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

तलाव भरून आहे, हेच अर्धं उत्तर आहे.

थंडीत उत्तरेकडून जे पाहुणे येतात त्यांचं पोट काठाशी भरतं. तुतवाराचे पाय बोटभर. त्याला ओला चिखल लागतो, त्यातले किडे तो चोचीने टिपतो. शेकाट्याचे पाय लांब, तो वीतभर पाण्यात चालतो. थापट्या आणि तलवार बदक बुडी मारत नाहीत; डोकं खाली, शेपटी वर करून जेवढं पोचेल तेवढंच खातात, म्हणजे त्यांना हात-दीड हात पाणी पुरे. खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं म्हणजे लालसरी. एकाच तलावात इतके जण नांदायचे ते तलावाचा तळ उतरता होता म्हणून. आणि शेतीला पाणी सुटायचं, ऊन खायचं, तशी दिवाळीनंतर कड आत सरकत जायची. दर आठवड्याला चिखलाची नवी पट्टी उघडी पडायची, म्हणजे दर आठवड्याला नवं ताट वाढलेलं. गावाकडे त्याच ओलीवर लोक गाळपेर करत.

आता शहरातल्या तलावाकडून आपण शोभा मागतो. पाणी कायम काठोकाठ, काठाला दगडी पिचिंग, वर चालायचा ट्रॅक. तिथे पाणी सुरू होतं तेच कमरेएवढं. तुतवाराने उभं राहायचं कुठे? पाणी वाढलं आणि तलाव त्याच्यासाठी नाहीसा झाला. पाणी मोजून तलावाची तब्येत सांगणाऱ्या माणसांशी माझं म्हणूनच जमत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर पाण्याच्या आत आहे. अंबाझरी 1870 सालचा, नाग नदीवर बांधलेला. त्या काळी तो शहराला पाणी पाजायचा. पुढे वस्ती वाढली तसं नाल्यांतून सांडपाणी उतरू लागलं; साबणाच्या पाण्यातलं आणि मैल्यातलं फॉस्फरस आलं, आणि ते शेवाळ्याचं खतच. उथळ तलाव हे सगळं बरीच वर्षं सोसतो. पाण्याखालच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं, वरून काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मग एखाद्या वर्षी शेवाळं इतकं माजतं की तळापर्यंत ऊन पोचत नाही, त्या वनस्पती मरतात, गाळ सुटतो, पाणी गढूळ होतं. दोनतीन हंगामांत तलावाचा स्वभावच बदलतो. आणि परतीची वाट आलेल्या वाटेपेक्षा लांब असते. नाले बंद केले तरी तळाच्या गाळात साठलेलं फॉस्फरस वर्षानुवर्षं वर येत राहतं. म्हणून "आता तर साफ केला ना?" या प्रश्नाला मी लगेच हो म्हणत नाही.

गेल्या काही वर्षांत अंबाझरीवर पसरलेली जलपर्णी तुम्ही पाहिलीच असेल. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड. खत मिळालं आणि ऊब असली की दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. खाली अंधार, आणि पाण्यात हवा विरघळायची वाट बंद. त्यात आपला उन्हाळा. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच. रात्री वनस्पती आणि शेवाळंही श्वास घेतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. एखाद्या सकाळी काठाला मेलेले मासे लागले की कुणीतरी विष टाकलं अशी आवई उठते. पुष्कळदा ते नुसते गुदमरलेले असतात. मरळ, शिंगी, मागूर तगतात, कारण ते वर येऊन हवा घेतात.

आणि हे मला मुद्दाम सांगायचंय, बदल झाला की सगळंच मरतं असं नाही. जांभळ्या पाणकोंबडीला जलपर्णीचं रान मानवतं. कमळपक्षी तिच्या पानांवरून आरामात चालतो. वारकरीही पुष्कळ निभावून नेतो. त्यामुळे एखाद्या दिवशी तलावावर पक्षी भरपूर दिसतात आणि तुम्ही म्हणता, हे बघा, आहेत की! आहेत. पण माझ्या जुन्या वहीत एका सकाळच्या पानावर दोन्ही बाजू भरलेल्या असायच्या, आता त्याच पाच-सहा नावांपुढे आकडे मोठे होतात. मला त्या आकड्यांचा आनंद होत नाही.

याहून वेगळं मी पूर्वेला पाहिलं. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव आहेत, लोक त्यांना मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. बरेचसे कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. त्यांतही बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली, देशी मासे कमी झाले. अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या बायामाणसांनी ती मुळापासून उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या देशी वनस्पती हाताने लावल्या. मासे परतले, पाठोपाठ पक्षीही. तिथल्या एका म्हाताऱ्या ढिवरबाबांना मी तुमचाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "पानी त हाये जी, पन पोराले लपाले जागा नोको का?" पोरं म्हणजे माशांची पिल्लं. माझ्या निम्म्या वाचनाचं सार त्यांच्या एका वाक्यात होतं.

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका छोट्या तलावाची पाळ दुरुस्त करायची म्हणून जानेवारीत पाणी सोडलं. माझ्याबरोबर नेहमी येणारे शेजारचे काका हळहळले. "आता इथं काय पाहायचं?" आठ दिवसांनी मी त्यांना ओढूनच घेऊन गेलो. मधोमध थोडं पाणी, भोवती भेगाळू लागलेला काळा चिखल. काका गाडीतून उतरायलाही तयार नव्हते. मी काचेतून दुर्बीण त्यांच्या हातात दिली. चिखलाच्या कडेने शेकाटे रांगेत चालले होते, त्यांच्या मागे तुतवार, आणि वीतभर पाण्यात थापट्यांची जोडी माना खाली घालून गोल गोल फिरत होती. काकांनी दुर्बीण अर्धा तास परत दिली नाही.