गोट्या का पुरल्या नाहीत?

तिसऱ्या गटातल्या पहिल्या उंदराचा पिंजरा उघडला, तर विसाच्या वीस गोट्या भुशावर जशाच्या तशा. दुसऱ्यात एकच पुरलेली, तिसऱ्यात पुन्हा एकही नाही. एम.फार्म.च्या विद्यार्थिनीचा चेहरा उजळला. तिने वनस्पतीतून वेगळा काढलेला अल्कलॉइड याच गटाला दिला होता. शेजारच्या, फ्लुऑक्सेटीन हे नेहमीचं औषध दिलेल्या उंदरांनीसुद्धा पाच-सहा गोट्या पुरल्या होत्या.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, यावरची औषधं चाळून पाहायला ही चाचणी सर्रास वापरतात. ५ सेंमी जाडीचा लाकडाचा भुसा, वर सारख्या अंतरावर काचेच्या २० गोट्या, एका पिंजऱ्यात एकच उंदीर, वेळ ३० मिनिटं. दोन-तृतीयांश झाकली गेली की गोटी पुरलेली धरायची, आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. पण उंदीर गोटी पुरायला बसलेलाच नसतो. तो भुसा उकरतो, गोटी आपसूक खाली जाते. त्यामुळे उकरणं थांबवणारी कुठलीही गोष्ट इथे औषधासारखी दिसते, अगदी दमट भुसासुद्धा. फ्लुऑक्सेटीनने योग्य डोसला उकरणं घटतं, हिंडणं-फिरणं मात्र तसंच राहतं. फरक ओळखायचा तो इथे.

म्हणून ते तिन्ही उंदीर अ‍ॅक्टोफोटोमीटरमध्ये सोडले. हे यंत्र उंदराचं हिंडणं-फिरणं मोजतं. आकडा कंट्रोलच्या, म्हणजे अल्कलॉइड न दिलेल्या गटाच्या, निम्म्यावर. "गुंगी आलीय, सर," असं सगळ्यांचं मत पडलं. पण डोळे टक्क उघडे होते आणि झाकणावर टिचकी मारताच कान टवकारले जात होते. गुंगीतला उंदीर असा नसतो.

चौथ्याला नुकतंच पोटात इंजेक्शन दिलं होतं. इंजेक्शन ते चाचणी यांमधला अर्धा तास उंदीर आपल्या पिंजऱ्यात असतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी बघितलं. पोट खपाटीला गेलेलं, पाठीची कमान, मग मागचे पाय ताणून सगळं अंग लांब करत तो जमिनीला घासत होता. थोडा थांबला, पुन्हा तेच. ॲसेटिक ॲसिड देऊन वेदनाशामकं तपासताना उंदीर असाच पिळवटतो. उरलेल्या दोघांची इंजेक्शनं तिथेच थांबवली.

द्रावण कसं केलंस, असं विचारल्यावर उलगडा झाला. अल्कलॉइड पाण्यात विरघळेना, म्हणून तिने विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं होतं, पण ते वहीत लिहिलं नव्हतं. पीएच पट्टी लालसर नारिंगी झाली, म्हणजे पीएच ३ च्या आसपास. २५ ग्रॅमच्या उंदराच्या पोटात असं ०.२५ मिली द्रावण गेलं होतं. कंट्रोल गटाला मात्र सलाइनमध्ये १ टक्का ट्वीन ८० (न विरघळणारे पदार्थ पाण्यात मिसळायला वापरतात ते) एवढंच मिळालेलं, त्यामुळे तुलनाच चुकीची. चूक तिच्याइतकीच माझी; सिरिंज भरण्याआधी पट्टी बुडवून बघायला एक मिनिट लागतं. चार जिवांना विनाकारण दुखवलं, हे अजून सलतं.

वाढीव उंदरांसाठी प्राणी नैतिकता समितीकडे पुन्हा अर्ज केला, कारण लिहून. मंजुरी आल्यावर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत पीएच ६ वर आणला. त्यापुढे गेलं की द्रावण गढूळ होऊन अल्कलॉइड तळाशी बसत होता. कंट्रोलच्या द्रावणातही तेवढंच आम्ल, तेवढाच अल्कली. या वेळी इंजेक्शननंतरचा अर्धा तासही कॅमेऱ्यात घेतला. कुणी पिळवटलं नाही. आणि अल्कलॉइडच्या गटाने कंट्रोलइतक्याच गोट्या पुरल्या.