एकोणतीस म्हणजे किती?

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेतनं बोलावणं आलं. स्टुटगार्टमधली सरकारी प्राथमिक शाळा, दुसरीचा वर्ग. पालकांना बसायला मुलांच्याच खुर्च्या. त्यात माझ्यासारखा पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला गडी बसला की उठताना खुर्चीही बरोबर उठते. बाईंनी वही पुढं केली. 27 च्या जागी 72, 48 च्या जागी 84. इथं ह्याला 'त्सालेनड्रेअर' म्हणतात, आकडे फिरवणं. बाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या घरच्या भाषेत आकडे वेगळ्या क्रमानं बोलतात का?"

मला हसू आलं. जर्मनमध्ये 27 म्हणजे 'झिबन-उंड-त्स्वान्सिश', सात आणि वीस. आपलं सत्तावीसही तसंच, सात आधी, वीस नंतर. बोलायचं एका दिशेनं, लिहायचं दुसऱ्या. पोरगी जे ऐकते तेच इमानदारीत लिहिते, तिचा दोष काय? मी बाईंना म्हटलं, आमच्याकडं ह्याच्याही पुढचं आहे. 29 ला आम्ही म्हणतो, 'तिसाला एक कमी'. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या एकोणतीसनं मी कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मार खाल्लाय. साल 1991, मीही दुसरीतच. गुरुजी अंक सांगायचे, आम्ही पाटीवर लिहायचा आणि पाटी डोक्यावर उंच धरायची. 'एकोणतीस' म्हटलं की माझ्या कानात फक्त 'तीस' शिरायचं आणि मागं 'नऊ'चा काहीतरी संबंध आहे एवढं आठवायचं. मी 39 लिहायचो. एकोणचाळीसला 49. पाटी वर धरलेली असल्यामुळं दोन्ही हात अडकलेले, त्यामुळं टपली चुकवताही यायची नाही. किती वेळा खाल्ली त्याचा हिशोब नाही, पण का चुकलं ते एकदाही कुणी सांगितलं नाही. 'परत लिही' एवढंच.

माझ्या शेजारी बस्करावर एक पोरगा बसायचा, घरी कन्नड बोलणारा, त्याचे वडील निपाणीकडचे. त्याचं कधी चुकायचं नाही. मला वाटायचं हा हुशार. हे आत्ता, वयाच्या चाळिशीत, जर्मन बाईंशी बोलताना डोक्यात उजेड पडला की कन्नडमध्ये 27 म्हणजे 'इप्पत्तेळू', वीस-सात. लेकाच्या घरातच लिहायच्या क्रमानं बोलत होते!

माझं एकोणतीस सुटलं ते मार्केट यार्डात. आजोबा गुळाच्या सौद्याला हमाल होते. एका सुट्टीत मला बरोबर घेऊन गेले. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लावलेली, वर चिकट पिवळे मुंगळे, अंगाला तो गोड करपट वास. आजोबा म्हणाले, "मोज." तीस भरले. मग वरचा एक रवा उचलून बाजूला ठेवला. "आता किती?" मी गप्प. "आरं, तिसात एक उणा. एक उणा तीस. एकोणतीस. काय अवघड हाय त्यात?" ते स्वतः चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत तोंडपाठ. साडेतीनचा पाढा म्हणणारा माणूस आता भेटणार नाही.

पाढ्यांबद्दल इथं माझं आणि बायकोचं वाजतं. तिचं म्हणणं, पाठांतर म्हणजे पोपटपंची. इथल्या शाळेत पाढे दहापर्यंतच, तेही काड्या, मणी, चौकोन मांडून, समजून घेऊन. चांगलंच आहे. पण आमच्या शाळेत सुटायच्या आधी पन्नास पोरं एका सुरात 'बे एके बे, बे दुणे चार' करत डुलायची, त्यात मागच्या बाकावरचं कच्चं पोरगंही सुरात सुर मिसळून पुढं जायचं, एकटं पडायचं नाही. ते मला मोडीत काढवत नाही. टपली मात्र काढावी.

2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस सात'सारखं वाचन आणलं तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कसला दंगा झाला होता! मीही 'भाषेची वाट लावली' म्हणून दोन ओळी ठोकल्या होत्या. मग कळलं, जर्मनीतही 'वीस-एक' म्हणू द्या म्हणणारी एक संघटना आहे. नॉर्वेनं तर संसदेत ठराव करून 1951 मध्येच क्रम बदलला. आता त्या दोन ओळी जरा जास्तच झाल्या असं वाटतं.

एक वेगळंच. यंदा गावी यायचं तिकीट सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीचं स्वस्त मिळत होतं. शाळेनं साफ नाही म्हटलं. इथं शाळा बुडवून मुलाला फिरायला नेलं तर पालकांना दंड बसू शकतो. मी चिडून घरी फोन केला, तर आई म्हणाली, "मग बरोबरच हाय की." आमच्या शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे आम्ही पाठ केलेलं. तेव्हा ते फक्त परीक्षेच्या उत्तरात होतं. महागाचं तिकीट काढलं.

परवा रात्री लेक माझ्या आईशी व्हिडिओवर बोलत होती. आईनं विचारलं, "सांग, मी किती वर्षाची?" लेकीनं बोटं मोजली, थांबली. "एकोणऐंशी. म्हणजे ऐंशीला एक कमी."

"शाब्बास गं बाई माझी!"

"आणि एकोणनव्वद म्हणजे 89." आता तिला रंग चढला होता. "मग आजी, 99 ला एकोणशंभर का नाही म्हणत?"

पलीकडं क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "फोन तुझ्या बापाकडं दे."