वडील आणि तात्यांच्या भारुडांचे रीमास्टरिंग : माझा अनुभव

माझे वडील आणि धाकटे काका, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, यांनी १९८० च्या दशकात करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गावोगावी एकनाथ महाराजांची भारुडे आणि गवळणी जोडीने गायल्या. त्यांतील काही गाण्यांच्या कॅसेट तेव्हा बाजारात आल्या होत्या. वडील आता नाहीत. निवडक गाणी नव्याने सिद्ध करून त्यांचा एक संग्रह काढण्याचे काम आम्ही कोल्हापुरातच पूर्ण केले. ज्यांच्या माळ्यावर अशाच टेप पडून आहेत, त्यांना कामाचा क्रम समजावा म्हणून हे लिहीत आहे.

पहिला प्रश्न होता, मूळ प्रत कोणती मानायची हा. दुकानात मिळालेली कॅसेट ही प्रतीची प्रत असते. तिची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. आमच्या नशिबाने बऱ्याच गाण्यांचे मूळ स्पूल, म्हणजे मोठ्या रिळावर गुंडाळलेली मूळ टेप, हाती लागले, ज्यांची टेप पाव इंच रुंद आणि वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर होता. एवढ्या फरकाने टाळांची किणकिण आणि पखवाजावरच्या बोटांचा स्पर्श ऐकू येऊ लागतो. मात्र कोल्हापूरचा पावसाळा टेपला मानवत नाही. काही स्पुलांच्या कडांना बुरशी धरली होती, तर काहींच्या लेपातील चिकट द्रव्याने दमट हवेतले पाणी शोषल्यामुळे ती हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटून किंचाळत होती. बुरशी आधी कोरडी साफ केली. चिकट स्पूल तंत्रज्ञाने सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या नियंत्रित उष्णतेत कित्येक तास ठेवले. असा स्पूल काही आठवडेच नीट वाजतो, म्हणून ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या बारकावे टिपणाऱ्या दर्जावर त्याची संगणकीय प्रत लगेच घेतली. त्याआधी डेकच्या, म्हणजे टेप वाजवणाऱ्या यंत्राच्या, हेडचा कोन त्या त्या टेपला जुळवावा लागला; टाळाचा नाद सर्वांत स्पष्ट येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवणे, एवढीच त्याची रीत आहे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा वेगाचा होता, आणि नेमका तोच अनेक जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत वगळला जातो. वीजप्रवाहाची ५० हर्ट्झची घुमघुम टेपवर उमटलेली असते, तिच्यावरून वेग ठरवता येईल असे प्रथम वाटले. पण त्या काळी विजेच्या जाळ्यातील वारंवारता भार वाढला की उतरत असे, त्यामुळे तो आधार भरवशाचा नव्हता. खरा आधार तात्यांच्या पेटीने दिला. ध्वनिमुद्रणात वाजलेली तीच पेटी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी आहे आणि तिच्या सुरांना नंतर कोणी हात लावलेला नाही. दोघे काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून, गात. कॅसेटवरचा षड्ज त्या पट्टीपेक्षा पाव स्वर चढा निघाला, म्हणजे वेग सुमारे ३ टक्के जास्त होता. तो खाली आणताच तीस मिनिटांची बाजू जवळजवळ एक मिनिटाने लांबली आणि वडिलांचा आवाज पुन्हा त्यांच्या वयाचा झाला. तात्यांनी पेटी घेऊन प्रत्येक गाण्याचा सूर स्वतः पडताळला.

खरखर काढण्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. टाळाचा मागे रेंगाळणारा नाद आणि टेपची खरखर ध्वनीच्या एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे खरखर पूर्ण काढली की टाळ पत्र्यासारखा वाजतो आणि दोघांनी ध्रुपद उचलण्यापूर्वी घेतलेला श्वासही नाहीसा होतो. तो श्वास हीच त्यांची एकमेकांना दिलेली खूण होती. शिवाय दोघे एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून गायलेले असल्याने आवाज वेगवेगळे करण्याची सोय नव्हती; कोणी किती जवळ उभे राहायचे हे त्यांनीच ठरवले होते आणि ते तसेच राहणे मला योग्य वाटले. म्हणून खरखर आम्ही थोडीच उतरवली.

परवानग्यांचे काम तुलनेने सरळ झाले. नाथांच्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, पण १९५७ च्या कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बंद पडलेल्या कॅसेट कंपनीच्या मालकांच्या कुटुंबाकडून लेखी संमती घेतली. तशीच पखवाजवादक आणि टाळकऱ्यांच्या घरच्यांकडूनही घेतली.

शेवटी क्रम लावताना केवळ कॅसेटवरच उरलेली गाणी सलग ठेवली, म्हणजे कानाला दर गाण्याला नव्या आवाजाशी जुळवून घ्यावे लागत नाही. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक गाणे स्पुलावरून घेतले की कॅसेटवरून, आणि त्याचा वेग किती बदलला, हे नोंदवले आहे.