मोटर उलटी फिरणार का, हे चालू करायच्या आधीच बघितलं: माझा अनुभव

रिवाइंडिंग होऊन पंपाची थ्री-फेज मोटर परत आली तेव्हा तीन वायरी बाहेर काढलेल्या होत्या आणि एकीवरही खूण नव्हती. पंप असा की इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, शाफ्टवर आट्यांनीच बसलेला, म्हणजे मोटर उलटी फिरली तर तो सुटणार आणि केसिंगवर जाऊन घासणार. हेल्पर म्हणाला, "दादा, एक झटका देऊन बघू ना, उलटी फिरली तर दोन वायरी बदलू." झटका देऊन बघायची पद्धत सगळीकडे आहे, माहितेय मला, पण कपलिंग जोडलेलं असताना असल्या पंपावर मी ते करूच देत नाही. मोटरची दिशा दाखवणारा टेस्टर काढला.

हा टेस्टर हातात मावेल एवढाच, तीन लीड आणि काही एलईडी, पण त्यात दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि सगळी सेफ्टी त्या फरकात आहे. मोटरची दिशा बघायची ती सप्लाय पूर्ण तोडून, आणि सप्लायचा फेज क्रम (तिन्ही फेज कुठल्या क्रमाने येतात, मोटरची दिशा त्यावरही ठरते) बघायचा तो सप्लाय चालू असतानाच, त्याशिवाय कळतच नाही. लीड तेच, क्लिपा त्याच. आणि मोटरच्या टेस्टमध्ये आपला हात चक्क शाफ्टवर असतो, त्या वेळी तिकडून कोणी स्टार्टर दाबला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून आधी आयसोलेटर (सप्लाय तोडायचा स्विच) खाली, त्याला कुलूप, किल्ली माझ्याच खिशात, वर टॅग. मग सप्लाय खरंच गेलाय का ते बघितलं, आणि इथे एक गोष्ट मी कधीच सोडत नाही, व्होल्टेज टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग आपल्या टर्मिनलवर, मग परत चालू सप्लायवर. कारण टेस्टरच मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो ना. फेज ते फेज तिन्ही जोड्या आणि प्रत्येक फेज ते अर्थ, सगळं तपासलं, मगच वायरींना हात.

कपलिंग सोडवलं, मोटरच्या वायरी स्टार्टरकडच्या केबलपासून मोकळ्या केल्या आणि टेस्टरचे यू, व्ही, डब्ल्यू लीड लावले. आता शाफ्ट हाताने फिरवायचा, अर्धा फेरा पुरतो, पण एकाच दिशेला आणि जरा जोरात, कारण रोटरमध्ये उरलेल्या चुंबकत्वामुळे वाइंडिंगमध्ये अगदी किंचित व्होल्टेज तयार होतं आणि मीटर तेवढंच पकडतो. हळू हळू फिरवलं तर एलईडी काहीच सांगत नाही. दिशा बघायची ती शाफ्टच्या बाजूला उभं राहून. पंख्याच्या बाजूला उभे राहिलात तर तुमचं उजवं म्हणजे शाफ्टकडून डावं, आणि लोक इथेच घोळ घालतात, म्हणून मी हेल्परला म्हटलं तू शाफ्टसमोर उभा राहा आणि तूच फिरव. त्याने उजवीकडे फिरवला, डावीकडचा एलईडी लुकलुकला. दोन लीडची अदलाबदल केली, परत फिरवला, आता उजवा. लगेच तिन्ही वायरींवर यू, व्ही, डब्ल्यूच्या स्लीव्ह चढवल्या, लक्षात राहील असं म्हणून सोडायचं नाही.

अर्धंच काम झालं होतं, कारण सप्लाय उलट्या क्रमाने येत असेल तर ह्या खुणांचा उपयोग शून्य. चालू सप्लायवरच्या टेस्टला रबरी ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल, अंगठी घड्याळ काढलेलं. लीडचं इन्सुलेशन बोटांनी वाकवून बघितलं, कुठे चीर नाही ना, आणि मीटरवर आणि लीडवर दोन्हीकडे कॅट ३ (अशा पॅनेलवर मोजायला चालणारा सेफ्टीचा दर्जा) आणि ६०० व्होल्ट लिहिलेलं आहे ना तेही, लीड हलक्या दर्जाचे असले तर मीटर चांगला असून फायदा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लिपा सप्लाय बंद असतानाच लावल्या, मोटरच्या वायरी अजून सुट्याच, पॅनेलपासून बाजूला झालो आणि मग आयसोलेटर वर केला. चालू बसबारमध्ये हात घालून प्रोब टेकवत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

तिन्ही फेजचे दिवे लागले, क्रम उजवा. पण नुसत्या त्या दिव्यांवर मी थांबत नाही, एखादा लीड फेजऐवजी न्यूट्रलवर बसला तरी काही मीटर दिशा दाखवतात आणि ती चुकीची असू शकते. मल्टिमीटरने फेज ते फेज मोजलं, तिन्ही जोड्यांत ४०० च्या आसपास. कुठे २३० दिसलं असतं तर तिथे न्यूट्रल आलाय हे समजलं असतं. मग परत बंद, कुलूप, परत शून्य तपासलं आणि तेव्हाच क्लिपा काढल्या.

एक सांगायचं राहिलं, मधे व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर इनपुटचे फेज बदलून मोटरची दिशा बदलत नाही, कारण आत आधी डीसी होतं. तिथे आउटपुटच्या दोन वायरी बदला नाहीतर सेटिंग बदला, आणि बंद केल्यावर कव्हर लगेच उघडू नका, आतले कपॅसिटर चार्ज असतात, लेबलवर लिहिलेला वेळ थांबायचं म्हणजे थांबायचं. शाफ्टजवळ मीटर नुसता धरून दिशा दाखवणारी जी सोय असते तीही व्हीएफडीच्या मोटरवर भरवशाची नाही.

आमच्याकडे साधा स्टार्टर होता. वायरी खुणेप्रमाणे जोडल्या, कपलिंग सुटंच ठेवून एकदा चालू केली, पंपावरच्या बाणाच्याच दिशेने फिरली, मग कपलिंग बसवलं. प्रेशर नीट आलं. तेही बघितलंच पाहिजे, सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त कमी देतो, आणि मग लोक वॉल्व्ह नाहीतर फूटवॉल्व्ह खोलत बसतात.

आता तिकडे वरच्या पॅनेलमध्ये केबलचं काम निघालंय, ते झालं की सप्लायचा क्रम परत तपासायचा असं टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय.