भिंतीवरचं बटण

रात्री झोपण्याआधी गॅस, नळ आणि भिंतीवरची बटणं बंद करायची, ही आपल्या घरांतली जुनी शिस्त. गॅस आणि नळाचं ठीकच आहे. पण बटणाच्या शिस्तीमुळे कोपऱ्यातला जुना संगणक हळूहळू विसराळू होत जातो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा सेल असतो. सीआर२०३२ या नावातच त्याची मापं आहेत: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, थोडी वीज देत राहतो आणि आतलं घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की घड्याळ सेलवर जातं. म्हणून बटण चालूच राहणाऱ्या ऑफिसातल्या पीसीचा सेल वर्षानुवर्षं टिकतो आणि घरातला शिस्तीपायी लवकर उतरतो.

सेल संपला की सकाळी पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ येते. आपण एफ-वन दाबतो आणि पुढे जातो. तारीख मात्र मदरबोर्डच्या जन्मवर्षात गेलेली असते. मग बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेच्या हिशेबाने अजून लागूच झालेलं नसतं. राउटर तीनदा बंद-चालू होतो, केबलवाल्याला फोन जातो, आणि बिचाऱ्या सेलकडे कोणी बघत नाही.

याहून मोठा घोळ पुढे आहे. सेल गेल्यावर बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग बहुधा मूळ पदावर येतात. काही जुन्या बोर्डांत साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, सेटिंग ‘एएचसीआय’ पद्धतीवरून जुन्या ‘आयडीई’वर जाते, आणि विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. कोडच्या शेवटी ७बी दिसलं तर आधी ही सेटिंग बघावी. नाहीतर दुकानात ‘हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकून दहा वर्षांचे फोटो पुसून घेण्याची वेळ येते. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली गेला असेल तर बदलून टाकावा. बाजूची पत्र्याची पट्टी नखाने सारली की सेल आपोआप उसळतो, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. नवा बसवताना अधिकची खूण वर.

आता कॅबिनेट, म्हणजे ज्याला अख्खा महाराष्ट्र ‘सीपीयू’ म्हणतो ते, उघडलंच आहे तर धूळही काढावी. खंडेनवमीला हळदकुंकू लावण्याआधीचा मुहूर्त यासाठी उत्तम. वायर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की आत साठलेली वीज उतरते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरावीत. मोकळा पंखा हवेने सुसाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, काढायचा तर मशीन आधी पाच मिनिटं चालवून दोघांमधली पेस्ट कोमट करावी, मग वायर काढून तो हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करावा. एएमडीच्या पिनांच्या प्रोसेसरांत सरळ ओढलं तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मटारच्या दाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबायच्या आणि चारही ‘टक’ वाजल्या पाहिजेत. तीनच वाजल्या तर मशीन सुरू होतं, दहा मिनिटांनी तापून बंद पडतं, आणि सगळे मदरबोर्डवर संशय घेतात.

रॅम खोडरबराने पुसणं ही अंधश्रद्धा वाटते, पण नाही. सोनेरी पट्ट्यांवरचा थर निघतो, आणि खरं तर निम्मा गुण रॅम काढून पुन्हा बसवण्यातच असतो. रबर पांढरं, मऊ हवं. शाईचं खरखरीत रबर सोन्याचा पातळ मुलामाच खरवडतं. डीडीआर३ची खाच डीडीआर४च्या जागी नसते, त्यामुळे बसत नसेल तर जोर लावू नये.

एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या पुढे दाब राहू शकतो. बाहेरून तपासणं सोपं: चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि एक काळी वायर जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. अर्थात रिकाम्या अवस्थेतला आकडा पुरेसा नाही. व्हिडिओ चालवल्यावरच मशीन रिस्टार्ट होत असेल तर आकडा बरोबर असूनही संशय एसएमपीएसवरच घ्यावा. लेबलवर ४५० वॉट आणि हातात पिसासारखा हलका, असा एसएमपीएस निदान मी तरी घेणार नाही.

खरा कायापालट होतो तो एसएसडीने, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कने. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्डडिस्कला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी चार. सुई हलायला आणखी आठ-नऊ. एका सेकंदात जेमतेम सत्तर-ऐंशी वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली मागतं, म्हणून तो चहा होईपर्यंतचा वेळ. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. जुन्या बोर्डाचा साटा-दोनचा पोर्ट नव्याच्या निम्म्या वेगाचा असतो, तरी फरक डोळ्यांना दिसतो, कारण अडचण रस्त्याच्या रुंदीची नव्हती, दर वळणावर थांबण्याची होती. २४० जीबी पुरते. जुनी डिस्क साठवणीला ठेवा, पण आधी डिस्कच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, शून्य आहेत ना ते बघा.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा असेल तर निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिथे स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. चार जीबी रॅम आणि एसएसडीवर हलकं लिनक्स आरामात धावतं, मराठी टायपिंगसकट. सेल मात्र तिथेही लागतो. आणि भिंतीवरचं बटण रात्री बंद करायचं की नाही, हा वाद घरात मिटणार नसेल, तर ड्रॉवरमध्ये एक जादा सीआर२०३२ ठेवावा, पाकीट न फोडता.