ओकायामाहून ताकामात्सूला

आज सकाळी आम्ही आठ जण जपानमधल्या ओकायामा स्थानकावरून ‘मरीन लायनर’ गाडीने शिकोकू बेटावरच्या ताकामात्सू शहरात आलो. प्रवास जेमतेम तासाभराचा. पण सेतो ओहाशी पूल सुरू झाला आणि आमच्या डब्यातले बोलणे आपोआप थांबले. १९८८ साली खुला झालेला हा पूल म्हणजे लहान लहान बेटांवर पाय रोवत समुद्र ओलांडणारी सहा पुलांची मालिका असून, वरच्या मजल्यावर मोटारींचा रस्ता आणि खालच्या मजल्यावर लोहमार्ग आहे. त्यामुळे खिडकीतून पोलादी तुळयांच्या जाळीआड निळे पाणी, मासेमारीच्या होड्या आणि झाडीने भरलेली बेटे तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतात.

हा पूल केवळ सोयीसाठी झाला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पूर्वी गाड्यांचे प्रवासी बोटीने ही सामुद्रधुनी पार करीत असत. मे १९५५ मध्ये दाट धुक्यात ‘शिउन मारू’ ही बोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली आणि १६८ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. त्यानंतर पुलाच्या मागणीला जोर आला. आमच्यासमोरच्या बाकांवर आज गणवेशातली काही मुले बसली होती, आणि त्यांच्याकडे पाहताना माझे डोळे भरून आले.

दुपारी बोटीने नाओशिमा बेटावर गेलो. तिथे एका धक्क्याच्या टोकाशी जपानी कलाकार यायोई कुसामा यांचे काळ्या ठिपक्यांच्या पिवळ्या भोपळ्याचे शिल्प आहे. २०२१ च्या वादळात हा भोपळा समुद्रात ओढला गेला होता. पुढच्या वर्षी नवा भोपळा त्याच जागी बसवण्यात आला. आम्ही शेवटच्या बोटीपर्यंत तिथेच बसून होतो.